‘येतो’ म्हणून निघताना

मराठी माणूस घरून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ म्हटलेच, तर घरातील वडीलधारी माणसे तिथल्या तिथे टोकतात. अपशकुनाची भीती हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण आहे, आणि ते खरेही असेल. पण भाषा शिकवण्याचा व्यवसाय करणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. निघण्याचे हे वाक्य मराठीने मागे राहणाऱ्या माणसाच्या बाजूने रचले आहे. त्या मागे राहणाऱ्याच्या थांबण्यालाही आपण ‘वाट पाहणे’ म्हणतो. म्हणजे वाट ही चालणाऱ्याची जितकी, तितकीच दारात उभे राहून तिच्याकडे डोळे लावणाऱ्याचीही.

दिवाळीच्या सुट्टीत चंद्रपूरहून भामरागडकडे गाडीने निघाले, तेव्हा हे शब्द मनात घोळण्याचे कारण एका तरुण सहकाऱ्याचे वाक्य होते. गाडीत सामान ठेवता ठेवता तो उत्साहाने म्हणाला, “चार दिवसांत आयुष्यभराचं शिकून येऊ.” वाक्य निरागस होते. तरीही ते मला खटकले, आणि बल्लारपूर येईपर्यंत खटकतच राहिले.

प्रवास माणसाला शिकवतो, ही समजूत आपल्या प्रवासलेखनात आता इतकी रुळली आहे की तिच्याविषयी शंका घेणे अरसिकपणाचे वाटते. निवेदक शहरातून थकून निघतो, रस्त्यात त्याला एखादा म्हातारा धनगर किंवा चहावाला भेटतो, तो दोन साधी वाक्ये बोलतो आणि निवेदकाला जीवनाचा अर्थ उमगतो. धनगराचे पुढे काय झाले, हे मात्र लेखात नसते. त्याचे काम दृष्टान्त होण्यापुरते. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ या पार्श्वभूमीवर आठवतो. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे गेला तो कर्जबाजारी घराला चार पैसे मिळावेत म्हणून. आत्मशोध वगैरे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. मिळवलेले लुटले गेले, बंडाच्या धामधुमीत जीव कसाबसा वाचला, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन तो घरी पोहोचला. ‘येतो’ म्हणून गेलेला माणूस आला. त्या पुस्तकाचे बळ मला तरी या कोरडेपणात दिसते.

चंद्रपूर शहराची जन्मकथाही एका प्रवासाचीच आहे, आणि ती आम्ही चाललो होतो त्याच वाटेवरची, फक्त उलट दिशेची. आख्यायिका अशी: गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी होत्या. बल्लारपूरहून शिकारीला निघालेला राजा तहानेने व्याकूळ होऊन झरपटच्या कोरड्या पात्रातून जात असता त्याला एका खळग्यात पाणी दिसले. तो ते प्यायला, हातपाय-तोंड धुतले आणि घरी परतला. त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी गाठी नाहीशा झाल्याचे पाहिले ते राणीने. तिच्या विचारण्यामुळे त्या पाण्याची गोष्ट निघाली, तीर्थाचा शोध लागला, पुढे कुत्र्याचा पाठलाग करणाऱ्या सशाचे नवल राजाने सांगितले, तेव्हा तिथे कोट बांधून शहर वसवावे हा सल्लाही तिचाच.

ही कथा आमच्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, पण ती सहसा सशाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला त्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. प्रवास राजाने केला. त्याचा अर्थ घरी असलेल्या बाईने लावला. राजाला तर आपल्याला काही मिळाले आहे याचाही पत्ता नव्हता.

बल्लारपूर मागे टाकून कोठारी, गोंडपिपरी आणि मग आष्टी. तिथे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याआधी भामरागडच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत पोहोचायचे तर चंद्रपूरच गाठावे लागे. आम्ही सहलीला चाललो होतो तो रस्ता त्याच्यासाठी अर्ज घेऊन जाण्याचा होता. पुलापुढे आलापल्लीपर्यंत समोरून मालाच्या अवजड गाड्या येत राहतात. सुरजागडच्या डोंगरावरचे लोहखनिज २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर खाली उतरू लागले आहे. याच सुरजागडला डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी सत्तराहून अधिक वाहने एका दिवसात जाळली होती. आणि १ मे २०१९ रोजी, जिल्ह्याच्या उत्तर टोकाला कुरखेडा तालुक्यात, रस्त्याच्या कामावरची वाहने जाळल्याची खबर मिळाल्यावर निघालेल्या पोलिसांची गाडी जांभुळखेड्याजवळ सुरुंगात सापडली. पंधरा जवान आणि गाडीचा चालक, असे सोळा जण गेले. तेही घरून ‘येतो’ म्हणूनच निघाले असणार. ज्या भूमीत रस्ता तयार करणे आणि रस्ता उखडणे यासाठी माणसे मेली आहेत, तिथून ‘रस्ता हाच गुरू’ असे म्हणत जाणे मला जड जाते.

रस्ता कोणाचा, हा प्रश्न इथे अलंकारिक नाही. बांबूचेच पाहा. या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे गेला. ज्या कागदावर आपण प्रवासवर्णने छापली, त्यात तो किती होता कोण जाणे! ज्यांच्या शिवारात तो उगवला त्या गावांना मात्र तो स्वतःच्या हक्काने विकता येत नव्हता. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. त्यानंतरही बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचा लागे. हा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला तो एप्रिल २०११ मध्ये, केंद्रीय मंत्री गावात येऊन तो सुपूर्द करून गेले तेव्हा. स्वतःच्या वस्तूला स्वतःच्या सहीने रस्त्यावर आणण्यासाठी मधली दोन वर्षे भांडावे लागले. आमच्या गाडीला परवाना विचारणारे वाटेत कोणीही भेटले नाही.

आलापल्लीपासून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. सागाचे उंच जंगल, मधे पेरमिली, ताडगाव, आणि भामरागडच्या अलीकडे हेमलकसा. इथे येणाऱ्या बहुतेकांप्रमाणे आम्हीही थांबलो. ‘प्रेरणा’ घ्यायला येणाऱ्यांची इथे कमतरता नसते. म्हणूनच हे स्मरणात ठेवायला हवे की लोकबिरादरी प्रकल्पाचे मूळही एका सहलीतच आहे. १९७०च्या सुमारास बाबा आमटे आपल्या मुलांना या भागात घेऊन आले. माडिया माणसे अनोळखी माणसांना पाहून दूर पळत होती. बाबांनी इथे काम करण्याची इच्छा बोलून दाखवली आणि धाकट्या प्रकाशने ती उचलली. डिसेंबर १९७३ मध्ये काम सुरू झाले. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हे डॉक्टर दांपत्य मग इथेच राहिले, पावसाळ्यात महिनोन्‌महिने रस्ता नसलेल्या काळातही. प्रकाश आमटे यांच्या आत्मकथनाचे नाव ‘प्रकाशवाटा’ आहे, हेही सूचक आहे. त्या सहलीत कोण काय शिकले, याची नोंद फारशी महत्त्वाची नाही. पाहून गेलेला माणूस परत आला आणि थांबला, म्हणून आपण त्या सहलीविषयी बोलतो आहोत.

सगळ्यांनी आमटे व्हावे असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हा आणखी एक सोपा उपदेश झाला असता. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. ज्या गावात आपण चहा पितो, फोटो काढतो, तिथून उठतानाही आपण ‘येतो’च म्हणतो. घरी म्हटलेला ‘येतो’ आपण पाळतो. या दुसऱ्या ‘येतो’चे काय?

आलापल्लीला चहाच्या टपरीवर बसची वाट पाहत बसलेल्या एका आजींनी आम्हाला विचारले होते, “कोटी जाता जी?” भामरागड म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, “कोन हाय तिकडं?” कोणी नाही, पाहायला चाललो, हे उत्तर त्यांना पटलेले दिसले नाही. कोणी नसताना माणूस इतक्या दूर का जाईल? प्रवासवर्णनाच्या रीतीप्रमाणे या प्रश्नावर मी दोन पाने लिहायला हवीत. पण त्यांना त्यातून काही शिकवायचे नव्हते. लेकीकडे जायचे होते आणि बस उशिरा होती.

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की वर्तमानपत्रांत ‘भामरागडचा संपर्क तुटला’ असा मथळा येत आला आहे. कोणाचा कोणाशी तुटला, हे मथळ्यात गृहीत असते. आपण असतो तो ‘संपर्क’, ते असतात ते तुटलेले.

आता परिस्थिती वेगाने बदलते आहे. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरीहून गर्देवाडापर्यंत पहिल्यांदाच एस. टी. धावली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. भीती ओसरेल तसे पर्यटक येतील, आणि यावेत. रस्ता गावाच्या उपयोगी पडतो तेव्हा तो चांगलाच असतो; गरोदर बाई खाटेवर उचलून न्यावी लागली, त्या घराला ते सांगावे लागत नाही. पण येणाऱ्यांच्या बरोबर ‘शिकून जाणाऱ्यां’चीही रीघ लागेल, आणि माडिया माणसाच्या साधेपणावर मराठीत पुष्कळ लेख होतील, याची मला आत्ताच धास्ती वाटते.

आमच्या महाविद्यालयाचा अभ्यासदौरा दरवर्षी नव्या ठिकाणी जातो. यंदा नवे ठिकाण शोधू नये, गेल्या खेपेच्याच गावी पुन्हा जावे आणि तेही हिवाळ्यात न जाता पावसाळ्यात, असे मी विभागात सुचवले आहे. सहकारी कुरकुरत का होईना, तयार झाले आहेत. तारीख पर्लकोटेच्या पाण्यावर ठरेल.