टीव्ही पाच इंच लहान घ्या, पण शब्द ऐकू येऊ द्या

मैत्रिणींनो, यंदा आमच्याकडे दिवाळीनंतर 'होम थिएटर'चा विषय निघाला. बजेट 80 हजार, त्यापुढे एक रुपया नाही. आमची जेवणं सूर्यास्तापूर्वी आटोपतात, मग संध्याकाळ लांबलचक. मुलाने 65 इंची टीव्हीवर बोट ठेवलं, 72 हजारांचा. उरलेल्या आठ हजारांत 'पाच हजार वॅट'चा स्पीकर सेट येतो म्हणे.

मी बी.कॉम. आकडा दिसला की त्याच्यामागे काय आहे ते बघायची खोड काही जात नाही. खोक्यावरचे ते पाच हजार 'पीएमपीओ' वॅट होते, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा. सतत किती ताकद मिळते ते 'आरएमएस' सांगतं. ते विचारल्यावर दुकानातला मुलगा खोकं फिरवून फिरवून बघायला लागला.

माझा मुद्दा वेगळाच होता. सासूबाई 86 वर्षांच्या. सिनेमा लागला की आमच्यात येऊन बसतात, आणि आम्ही हसलो की हसतात. शब्द कळतच नाहीत त्यांना. आवाज वाढवला तर संगीत आणि मारामारी अंगावर येते, बोलणं तेवढंच पुसट. मग 'झोप आली गं' म्हणून उठून जातात. हल्लीच्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, त्याचं तोंड खाली किंवा मागे. तो 65 इंची घेऊन हे सुटणार नव्हतं.

सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजाचा एक सबवूफर, हे झालं 5.1. पण आमच्या हॉलमध्ये मागचे दोन स्पीकर ठेवायचे तर वायर सासूबाईंच्या पायात. नुसते दोन चांगले स्पीकर घ्यावेत, तर मधे बसणाऱ्यालाच बोलणं पडद्यातून आल्यासारखं वाटतं, कडेच्याला जवळच्या स्पीकरमधून. म्हणून आम्ही 3.1 साउंडबार घेतला. त्यात सेंटर वेगळा असतो. 28 हजार. स्वस्त साउंडबार बहुतेक 2.1 असतात, तेव्हा खोक्यावरचा पहिला आकडा वाचा. 'डॉल्बी' शब्दाला तर मुळीच भुलू नका. आपल्याकडे तो शब्द मिरवणुकीतल्या भिंतींनी आधीच बदनाम केलाय.

दुकानात गाड्या उडण्याचं दृश्य दाखवतात. त्यांना म्हणावं, बातम्या लावा आणि आवाज कमी करा. शब्द कळले तर पुढचं बोलणं. टीव्हीही तिथे भडक रंगांवर ठेवलेले असतात, ते साधे करून मागा. एचडीएमआयच्या एका खाचेवर 'एआरसी' लिहिलंय ना, तेही बघा. टीव्हीचा आवाज साउंडबारला त्यातूनच जातो. आणि 32 इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. 'तुमच्यासाठी खास सूट' म्हणून तोच फरक कुणी पुन्हा सांगू लागलं तर बिल नीट वाचा.

टीव्ही 50 इंची घेतला, 35 हजारांचा. नऊ हजार गेले जाड पडद्यांत आणि सतरंजीत. ह्यांना तो खर्च वायफळ वाटला. पण फरशी आणि काचेवरून आवाज आपटून परत येतो आणि शब्द विस्कटतो. लग्नाच्या रिकाम्या हॉलमध्ये माइकवरचं बोलणं कसं घुमतं, तसंच. भिंतीवर बसवणं आणि वायर चार हजार. सबवूफर खालच्या बिऱ्हाडाच्या झोपेला धरून अगदी कमी ठेवलाय. चार हजार शिल्लक.

पहिल्या रविवारी 'सामना' लावला. डॉ. लागू आणि निळू फुले समोरासमोर, सगळा खेळ बोलण्याचाच. मी सवयीने रिमोट उचलून आवाज वाढवायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, राहू दे तेवढाच. कळतंय मला." शेवटपर्यंत बसल्या. मधे दोनदा आमच्या आधी हसल्या.

मुलगा अजून कुरकुरतो. सोफ्यापासून टीव्ही सात फूट, म्हणजे 84 इंच. दीड पटीचा साधा हिशेब धरला तर पडदा 56 इंचांचा हवा. "आई, 55 बसला असता," म्हणतो. बसला असता खरा, सतरंजी आणली नसती तर.