सहावा मुलगा आणि मथळ्यांचा वाच्यार्थ

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीड दशकातील वृत्तपत्रे चाळताना एक गोष्ट चटकन लक्षात येते : मथळ्यांतील क्रियापदे पुष्कळदा भविष्यकाळी असतात. जमीन वाटली जाणार, धान्याची आयात थांबणार, रुपयाचे शंभर पैसे होणार, युद्धे संपणार. हे सारे 'णार' अक्षरशः घडले असते तर काय काय ओढवले असते, असा एक खेळ खेळून पाहण्यासारखा आहे. आणि त्या खेळाला वर्धा जिल्ह्याइतके सुपीक मैदान दुसरे नसावे. (बातम्या त्या काळातल्या खऱ्या आहेत. मथळ्यांची शब्दयोजना मात्र माझी.)

पहिला मथळा घेऊ : 'विनोबा प्रत्येक घरचे सहावे पुत्र'. १९५१ च्या वसंतात विनोबा सर्वोदय संमेलनासाठी पायी हैदराबादकडे गेले, तेथून तेलंगणात हिंडले, आणि १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केल्यावर भूदानाचा आरंभ झाला. पुढे मागणीला आकडा मिळाला : १९५७ पर्यंत पाच कोटी एकर, म्हणजे लागवडीखालील जमिनीचा साधारण सहावा हिस्सा. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा माना, असे ते जमीनवाल्यांना सांगत.

आता हे अक्षरशः मानू. आर्वीकडच्या एखाद्या मालगुजाराला पाच मुलगे आहेत. धुऱ्यावरून त्यांचे गेली वीस वर्षे पटलेले नाही. सहावा भाऊ प्रकटला, हे कळताच पाचही जण आयुष्यात प्रथमच एकमताने वकिलाकडे जातील. वकील विचारील, दत्तकविधान कोठे झाले? साक्षीदार कोण? प्रतिवादी क्रमांक सहा यांच्यावर समन्स बजावायचे, तर बेलिफ पवनारला पोचतो तोवर प्रतिवादी उत्तर प्रदेशात. तेथे पोचतो तोवर बिहारात. शिवाय प्रतिवादी रोज पहाटे मुक्काम हलवणार आणि बेलिफाला भत्ता मिळणार तो वाहनाचा!

पण नात्यात वाटा एकटा येत नाही. सहावा मुलगा म्हटल्यावर वडिलांच्या कर्जाचा सहावा हिस्साही त्याचाच. हिंगणघाटचा सावकार वही काखोटीला मारून धाम नदीच्या काठी येऊन बसेल. वर्षश्राद्धाच्या खर्चाची वर्गणी येईल. दिवाळीला लाखो बहिणी माहेरपणाला पवनारला उतरतील आणि या भावाकडे साडीचोळीसाठी स्वतः कातलेल्या सुताच्या गुंड्यांवाचून काही नसेल. आईला कोणी सांभाळायचे, हा प्रश्न निघाल्यावर मात्र पाचही भावांना सहाव्याचा हक्क तत्काळ मान्य होईल.

येथवर हसू येते. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने येथेच थोडे थांबावे. काव्यशास्त्रात लक्षणेची पहिली अट 'मुख्यार्थबाध' अशी सांगितली आहे. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे असे म्हटले की प्रवाहावर घरे उभी राहू शकत नाहीत, म्हणून आपण गंगेचा अर्थ 'गंगेचा काठ' असा घेतो. वाच्यार्थ अशक्य झाल्याखेरीज लक्षणेकडे जाण्याचा परवाना नाही. मग 'मला सहावा मुलगा माना' या वाक्यात अशक्य ते काय होते? मुलाला वाटा मिळतो, तसा भूमिहीनाला द्या, एवढाच त्याचा सरळ अर्थ. तो अशक्य नव्हता, गैरसोयीचा होता. आपण गैरसोयीलाच बाध मानले आणि वाक्य अलंकारांच्या खात्यात जमा करून टाकले. विनोबांचे गद्य आम्ही वर्गात शिकवतो तेही दृष्टान्तांची वेचणी करीत. त्यातले प्रत्यक्ष मागणे कोणते, असा प्रश्न प्रश्नपत्रिकेत पाहिल्याचे मला आठवत नाही.

प्रत्यक्षात भूदानात मिळालेली जमीन चाळीस लाख एकरांच्या थोडी पुढे गेली. त्यातली बरीचशी खडकाळ, नदीपात्रातली किंवा आधीच वादात सापडलेली. मोठा हिस्सा वाटलाच गेला नाही. अनेक ठिकाणी दात्यांचे वारस पुढे येऊन हक्क सांगू लागले. म्हणजे वर रंगवलेला वाटणीचा दावा कल्पनेतला राहिलाच नाही. फक्त प्रतिवादीच्या जागी विनोबांऐवजी एखादा भूमिहीन उभा राहिला, आणि त्याच्या मागे बेलिफाला पायपीट करावी लागत नव्हती. विदर्भापुरती आणखी एक गंमत आहे. येथल्या भूदान जमिनींना लागू राहिला तो १९५३ चा मध्य प्रदेशचा कायदा. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. दान मात्र जुन्या सासरच्या आडनावानेच नांदत राहिले. हे मला विनोदी लेखकाने सुचवले असते तर ताणलेले वाटले असते.

दुसरा मथळा : 'सेवाग्रामात जागतिक शांततावाद्यांची परिषद'. १९४९ च्या डिसेंबरात ही परिषद आधी शांतिनिकेतनात आणि मग सेवाग्रामला भरली. समजा, तिचे म्हणणे जगाने ऐकले असते. सैन्ये विसर्जित, कवायतीच्या मैदानावर कापूस, सुभेदार सूतकताईचे शिक्षक, आणि वीररस हा अभ्यासक्रमातून वगळलेला रस. याच जिल्ह्यात, सेवाग्रामपासून चाळीसेक किलोमीटरांवर, पुलगावला सैन्याचे दारूगोळ्याचे प्रचंड कोठार आहे. त्यात ज्वारी भरली गेली असती. तसे झाले नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे आग लागून झालेल्या स्फोटांत जवान आणि अग्निशामक दलाचे कर्मचारी प्राणास मुकले. गांधीजींचा जिल्हा म्हणून वर्ध्यात अनेक दशके दारूबंदी आहे. 'दारू' या शब्दाचे दोन अर्थ एका जिल्ह्यात असे शेजारी राहतात आणि कायद्याला त्यातला एकच दिसतो.

तिसरा मथळा पवनारचाच : 'पैशांवाचून जगणार'. भूदानाच्या आधी, १९५० च्या सुमारास, विनोबांनी आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग केला होता. बैलांवाचून शेती, विहिरीवरचा रहाट माणसांनीच ओढायचा, आणि पैशाचा वापर उत्तरोत्तर शून्याकडे न्यायचा. हा प्रयोग जिल्हाभर पसरता तर एस. टी.च्या कंडक्टरच्या चामडी पिशवीत वांगी आणि भेंड्या खुळखुळल्या असत्या, सुट्या भेंड्यांवरून भांडणे झाली असती, आणि मराठी नियतकालिकांना लेखकाचे मानधन तुरीच्या डाळीत द्यावे लागले असते. या शेवटच्या तरतुदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आज पुष्कळांच्या हाती डाळही पडत नाही.

पैसा काही गेला नाही. गेला तो आणा. १ एप्रिल १९५७ रोजी (तारीख सरकारनेच निवडली होती) नवा पैसा आला आणि एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले. हा मथळा भाषेने मनावर घेतला असता तर 'सोळा आणे खरे' चे 'शंभर नवे पैसे खरे' करावे लागले असते, आणि चार आण्याच्या कोंबडीला पंचाहत्तर नव्या पैशांचा मसाला घालावा लागला असता. मराठीने तसे केले नाही. पुढे पंचवीस पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून गेले. म्हणीतल्या कोंबडीचा भाव अजून चार आणेच आहे.