सर्टिफिकेट आमच्या पोरांना, पदवी त्यांच्या पोरांना?



गेल्या महिन्यात रायपूरच्या शंकर नगरात युनियनच्या एका जुन्या सभासदाच्या घरी बसणे झाले. पूर्वी धमतरीची छोटी गाडी शहरातून ज्या रुळावर शिट्ट्या मारीत जायची, त्या जागी आता अटल पथ झाला आहे. त्या रस्त्यापासून त्यांचे घर फार लांब नाही. निवृत्त गार्ड. (२०२२ पासून गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. नाव वाढले, पगार वाढला नाही.) मुलगा रविशंकर विद्यापीठाचा बी.कॉम., दोन वर्षे घरी बसून आहे. टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक पडले होते. वर देशातल्या एका नामांकित संस्थेचे बोधचिन्ह, खाली सहा महिन्यांचा 'सर्टिफिकेट प्रोग्रॅम', सगळे शिक्षण मोबाइलवर आणि फी दीड लाख रुपये.

"भाऊ, तिथली पदवी आपल्याला झेपणारी नाही. हे झेपतं. नाव तर त्याच संस्थेचं ना? ग्रॅच्युइटीतून भरून टाकतो."

आम्ही म्हणालो, भरू नका. ते चिडले. "तुम्ही स्वतः मॅट्रिक. तुम्हाला पदवीचा एवढा पुळका कशाला?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर चार भिंतींत न देता या पानावर देत आहोत.

आम्हाला सर्टिफिकेटचा तिटकारा नाही. रेल्वे चालते तीच मुळी सर्टिफिकेटवर. स्टेशन मास्तर कितीही शिकलेला असो, सक्षमतेचे प्रमाणपत्र हातात नसेल तर त्याला पॅनेलला हात लावू देत नाहीत. लोको पायलटला नव्या मार्गावर आधी 'लर्निंग रोड' करावा लागतो, तेव्हा गाडी मिळते. मुदत संपली की पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा परीक्षा. असा कागद देणारा अधिकारी खाली सही करतो आणि उद्या अपघात झाला तर चौकशीत त्या सहीचाही जाब विचारला जातो. आयटीआयचे प्रमाणपत्रही घाम गाळून मिळते. भट्टीपुढे आणि लेथवर उभे राहून मिळवलेल्या त्या कागदापुढे आम्ही मान तुकवतो.

पण दीड लाखाच्या या सर्टिफिकेटखाली कोणाची सही आहे आणि ती सही कशाची हमी देते?

इथे कायदा समजून घ्यावा लागतो. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. 'पदवी' या शब्दाभोवती कुंपण आहे. 'सर्टिफिकेट' या शब्दाभोवती असे कुंपण नाही. उद्या आम्हीही युनियन ऑफिसातून चहा करण्याचे सर्टिफिकेट वाटले तरी या कायद्याने कोणी आम्हाला अडवणार नाही. शिक्षणाच्या दुकानदारांना हा शब्द इतका का आवडतो, ते यावरून ध्यानात यावे.

आणि कुंपण मोडले तर काय होते, ते रायपूरकरांना दुसऱ्याने सांगायला नको. २००२ साली आमच्या राज्याने खाजगी विद्यापीठांचा कायदा केला. राज्य जेमतेम दोन वर्षांचे, आणि नुसत्या राजपत्रातल्या अधिसूचनांनी इथे शंभरावर विद्यापीठे जन्माला आली. ना इमारत, ना प्रयोगशाळा, ना प्राध्यापक. एखाद्या खोलीत टेबल, खुर्ची आणि कुलगुरूंची पाटी! प्रा. यशपाल यांच्यासारखा शास्त्रज्ञ, आयोगाचा माजी अध्यक्ष, सर्वोच्च न्यायालयात गेला. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची कलमे ५ आणि ६ रद्द केली आणि ही विद्यापीठे कोसळली. मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था सरकारी विद्यापीठांशी जोडून घेण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली खरी, पण त्या काळात कर्ज काढून फी भरलेल्या बापांची झोप कोणी भरून दिली? तेव्हा 'विद्यापीठ' हा शब्द विकला गेला. आता थोर संस्थेचे बोधचिन्ह विकले जात आहे, एवढाच फरक.

यावर विक्रेत्यांचे एक ठरलेले उत्तर असते, आणि ते हुशारीचे आहे. ते म्हणतात, अहो, आयआयएमवाले तरी कुठे पदवी देत होते? खरे आहे. २०१७ चा कायदा होईपर्यंत आयआयएम पदवी नव्हे, डिप्लोमाच देत असे, आणि त्या डिप्लोमावर मोठमोठ्या कंपन्यांच्या खुर्च्या मिळत होत्या. पण का मिळत होत्या? लाखोंतून निवडलेली मुले, दोन वर्षे तिथेच राहणे, रोज समोर उभे राहणारे शिक्षक, ग्रंथालय, बरोबरीची मंडळी आणि शेवटी दारात येणारे मालक. त्या कागदाला किंमत या सगळ्याची होती. सहा महिन्यांच्या मोबाइल शिक्षणात हे सगळे गाळून नुसते नाव ठेवतात. उसाचा रस काढून घ्यायचा आणि चिपाडावर साखर कारखान्याचा शिक्का मारायचा, तसला हा प्रकार.

विद्यापीठ अनुदान आयोग आणि तंत्रशिक्षण परिषदेने जानेवारी २०२२ मध्ये बजावले होते, की मान्यताप्राप्त संस्थांना आपले दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम कंपन्यांना फ्रँचायझीने चालवायला देता येणार नाहीत. इशारा दिला, ठीक. पण सर्टिफिकेटचे दुकान उघडेच आहे.

आता सरकारी धोरणाकडे वळू. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवीचे तुकडे केले. एक वर्षाने सोडले तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. छत्तीसगढमध्ये २०२४-२५ पासून हे लागू झाले. कागदावर ही सवलत आहे, परत यायची सोयही आहे. आम्ही विचारतो, एक वर्षाने बाहेर कोण पडेल? मंत्र्याचा मुलगा, की ट्रॅकमनची मुलगी? बापाची बदली झाली, आई आजारी पडली, फी थकली, की ती बाहेर. पूर्वी तिला शिक्षण सुटले असे म्हणत आणि सरकारला थोडी तरी लाज वाटे. आता तिच्या हातात सर्टिफिकेट ठेवून तिला 'यशस्वी' म्हणतील. फी माफ करायला नको, वसतिगृह बांधायला नको!

आणि सर्टिफिकेट खरे असले तरी पुढे काय? २०२४ साली आमच्या रायपूर विभागात आणि वॅगन रिपेअर शॉपमध्ये मिळून १,११३ अप्रेंटिस घेण्याची जाहिरात निघाली. मुले वर्षभर राबतात, प्रमाणपत्र घेतात आणि घरी जातात. १९६१ च्या कायद्याने मालकावर त्यांना नोकरी देण्याचे बंधन नाही. लेव्हल-१ च्या भरतीत २० टक्के जागा त्यांच्यासाठी ठेवल्या, तेवढ्याने भागले नाही, म्हणून २० मार्च २०१८ रोजी ही मुले मुंबईत दादर-माटुंग्याच्या रुळांवर उतरली होती. २०१९ च्या एनटीपीसी भरतीत सुमारे ३५ हजार जागांसाठी सव्वा कोट अर्ज आले. जागा नाहीत, म्हणून नव्या कागदांचा हा बाजार तेजीत आहे. दोष पोरांच्या कौशल्यात शोधायचा आणि रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, ही चाल आम्ही ओळखून आहोत.

आमच्या मागण्या लपवण्यासारख्या नाहीत. रेल्वेतल्या रिक्त जागा भरा. अप्रेंटिसना नोकरीत घ्या. नामांकित संस्थांच्या पूर्ण पदवीच्या जागा आणि वसतिगृहे वाढवा आणि कामगारांच्या मुलांना फी माफ करा. ज्या संस्थेचे नाव कागदावर छापले जाते, तिने त्या सर्टिफिकेटनंतर किती जणांना कोणती नोकरी लागली, ते दरवर्षी जाहीर करावे.

शंकर नगरच्या त्या मुलाला आम्ही सांगितले, बाळा, स्टेशन मास्तर आणि मालगाडीच्या ट्रेन मॅनेजरच्या भरतीला पदवी लागते, ती तुझ्याकडे आहे. हा दीड लाखाचा कागद तिथे एक गुणही वाढवणार नाही. मग त्याच्याकडूनच कंपनीला तीन प्रश्न लेखी पाठवले. शिकवणारे त्या संस्थेचे कायम प्राध्यापक आहेत काय? अभ्यासक्रम संपल्यावर संस्था मला आपला विद्यार्थी मानेल काय? मध्येच सोडल्यास फी परत मिळेल काय?

फोन अजूनही रोज येतो. लेखी उत्तर अद्याप आलेले नाही.