स्पॅनिश क्रियापद आणि इंग्रजीची मध्यस्थी

स्पॅनिश शिकू लागलेला इंग्रजीभाषक नामांची लिंगे पाठ करतो, उच्चारांशी थोड्याच दिवसांत जुळवून घेतो आणि क्रियापदापाशी येऊन अडतो, हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे की इंग्रजीतून लिहिलेली स्पॅनिशची पाठ्यपुस्तके तो गृहीत धरूनच रचलेली असतात. अडल्याचा दोष मात्र सर्वस्वी स्पॅनिशच्या पदरी बांधला जातो. आर, एर आणि ईर असे शेवट असणारे धातूंचे तीन गण, स्वार्थाचे दहा काळ, 'सुबखुंतीवो' नामक अर्थाचे सहा, त्यांवर आज्ञार्थ, आणि या सर्वांना पुरुष-वचनांची निरनिराळी रूपे, असा तक्ता समोर मांडला की भल्याभल्यांचा धीर सुटतो हे खरे. परंतु तक्ता हा पाठांतराचा विषय आहे, आणि शाळेत ज्यांनी संस्कृत धातूंची रूपे घोकली त्यांनी तेवढ्याने कचरण्याचे कारण नाही. अडचण रूपांच्या संख्येपेक्षा, ती रूपे ज्या भाषेतून समजावली जातात त्या भाषेने उत्पन्न केलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्या अर्थी आपल्याकडचे विद्यार्थीही स्पॅनिश बहुधा इंग्रजी पुस्तकांवरूनच शिकतात, त्या अर्थी हा प्रश्न केवळ इंग्रज-अमेरिकनांचा राहत नाही.

इंग्रजीत 'वुड' हे एक सहायक क्रियापद आहे, आणि जुन्या संस्थानातल्या एकुलत्या एका कारकुनावर लादावीत तशी नाना कामे त्या भाषेने त्याच्यावर लादली आहेत. तो रोज नदीवर जात असे. सवड असती तर तो आत्ता गेला असता. आपण जाऊ असे त्याने कळविले. लाख सांगितले तरी तो जाईना: या चारही ठिकाणी इंग्रज 'वुड' म्हणून मोकळा होतो. स्पॅनिश मात्र पहिल्या वाक्यात 'इबा' म्हणते, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात 'इरीआ' म्हणते, आणि चौथ्यात 'नो कीसो इर', म्हणजे 'इच्छिणे' या धातूचे भूतकाळी रूप योजते. 'वुड' म्हणजे 'इरीआ' हे समीकरण ज्याने एकदा वहीत उतरविले, तो रोज नदीवर जाणाऱ्या माणसाला नाहक कुठल्याशा अटीत अडकवून ठेवतो. मराठी मनुष्याच्या मनात ही वाक्ये मुळातच निराळी आहेत. त्याने ती इंग्रजीत उतरवून आधी त्यांतला भेद पुसावा आणि मग पुस्तकातल्या नियमांच्या साह्याने तोच भेद पुन्हा उभा करावा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

भूतकाळाची कथा याहून उद्बोधक आहे. स्पॅनिशमध्ये साध्या भूतकाळाची दोन रूपे आहेत, आणि क्षणात आटोपलेली क्रिया पहिल्या रूपात व लांबलेली दुसऱ्या रूपात घालावी असे प्राथमिक इंग्रजी पुस्तके सांगतात. हा नियम सोयीचा असला तरी खरा नाही. इबेरियाच्या भूमीवरचा मुसलमानी अंमल ७११ साली सुरू झाला आणि १४९२ मध्ये ग्रानादा पडल्यावर संपला. तरीही "अरब स्पेनमध्ये आठ शतके राहिले" असे लिहिताना स्पॅनिश इतिहासकार 'बिबिएरोन' हे पहिलेच रूप वापरील, आणि ग्रानादा पडले त्या दिवशी एखादा विणकर तेथे राहत होता एवढेच सांगायचे असेल तर 'बिबीआ' हे दुसरे. आठशे वर्षे पहिल्या रूपात मावतात आणि एक दिवस दुसऱ्या रूपात बसतो, याचे कारण असे की प्रश्न कालावधीचा नसून बोलणाराने त्या क्रियेचे आदि-अंत हिशेबात धरले आहेत की क्रिया चालू असतानाचीच स्थिती सांगितली आहे, याचा आहे. 'राहिले' आणि 'राहत होता' यांत मराठीने हाच विवेक केला आहे; इंग्रजी दोन्हीकडे बहुधा 'लिव्हड' म्हणून भागवते.

पुढे याच गोष्टीतून एक गमतीदार प्रकरण उद्भवते. 'साबीआ' म्हणजे मला ठाऊक होते, 'सुपे' म्हणजे मला कळले. 'कोनोसीआ' म्हणजे मी त्याला ओळखत होतो, 'कोनोसी' म्हणजे माझी त्याची ओळख झाली. इंग्रजी पुस्तके अशा धातूंची 'भूतकाळात अर्थ बदलणारी क्रियापदे' म्हणून स्वतंत्र यादी छापतात आणि विद्यार्थी ती अपवाद समजून घोकतो. वस्तुतः धातूचा अर्थ तसूभर बदललेला नसतो. ठाऊक असणे या अवस्थेचा आरंभ तेवढा नेमका धरला की तेच कळणे होते, इतकी ही साधी बाब आहे.

आता 'सुबखुंतीवो'. याचे अवशेष इंग्रजीत दोन-चार ठराविक वाक्प्रयोगांपुरते आणि मागणी-शिफारशीच्या वाक्यांपुरते उरले असल्यामुळे इंग्रजीभाषकाला तो परग्रहावरचा प्राणी वाटतो. आणि शंका, इच्छा, भावना, अनिश्चितता अशी कारणांची जंत्री पाठ करून तो त्याला वश करू पाहतो. मराठी वाचकाने जंत्री बाजूला ठेवून पुढील जोड्या वाचाव्यात. "फ्रेंच येते असा एक दुभाषी मी शोधतो आहे" असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे विवक्षित मनुष्य आहे. "फ्रेंच येत असेल असा एक दुभाषी मी शोधतो आहे" असे म्हणणाऱ्याला तसा कोणी मिळेल की नाही हेही माहीत नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्या ठिकाणी 'आब्ला' हा स्वार्थ येतो, दुसऱ्या ठिकाणी 'आब्ले' हा सुबखुंतीवो. "पाऊस पडतो आहे तरी मी जाईन" यात 'युएबे', आणि "पाऊस पडला तरी मी जाईन" यात 'युएबा'. "तू यावेस अशी माझी इच्छा आहे" यातल्या 'यावेस'च्या जागी स्पॅनिश 'बेंगास' म्हणते. "तो आला की मला सांग" या वाक्यातले 'आला' भूतकाळाचा पोशाख घालून भविष्याबद्दल बोलते, यात आपल्याला काहीच विलक्षण वाटत नाही. स्पॅनिश तेथे 'बेंगा' योजते, आणि इंग्रज आपल्या भाषेतला वर्तमानकाळ जसाच्या तसा नेऊन 'ब्येने' म्हणतो व फसतो.

अर्थात मराठीच्या अभिमानाने वाहवत जाण्यातही अर्थ नाही. "तो येईल असे मला वाटते" आणि "तो येईल असे मला वाटत नाही" या दोहोंत आपले 'येईल' अविचल राहते. स्पॅनिशमध्ये नकार येताच 'बेंद्रा' जाऊन 'बेंगा' येते. "पैसे असते तर घेतले असते" हे आपले एकच वाक्य आजच्या चणचणीलाही चालते आणि दहा वर्षांपूर्वी हुकलेल्या सौद्यालाही. स्पॅनिश या दोहोंसाठी वेगवेगळी रूपे मागते, आणि तेथे मराठी विद्यार्थी अडखळणारच. "तू इथे आहेस याचा मला आनंद वाटतो" यात तर तुझे असणे प्रत्यक्ष डोळ्यांसमोर आहे, तरी स्पॅनिश सुबखुंतीवोचा आग्रह धरते. अवास्तवाचा अर्थ तो सुबखुंतीवो, ही प्रचलित व्याख्या या एका वाक्याने कोसळते. स्वार्थात बोलणारा आपल्या विधानाला जामीन राहतो. येथे त्याला ग्वाही द्यायची आहे ती आनंदाची, तुझ्या असण्याची ग्वाही कोणी मागितलेलीच नाही, एवढे ध्यानात घेतले की पुष्कळ कोडी आपोआप सुटतात.

याबाबत एका थोर पुरुषाची आठवण करणे अगत्याचे आहे. स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण नेब्रिखाने १४९२ मध्ये राणी इसाबेलला अर्पण केले, पण काळांच्या नावांचा खरा पुनर्विचार केला तो काराकासमध्ये जन्मून चिलीत स्थायिक झालेल्या आंद्रेस बेयोने. चिलीच्या दिवाणी संहितेचा शिल्पकार तोच. १८४७ मध्ये स्पॅनिशभाषक अमेरिकेतील लोकांसाठी लिहिलेल्या व्याकरणात त्याने 'बिबीआ'ला भूतकाळाशी समकालीन आणि 'इरीआ'ला भूतकाळानंतरचा अशा आशयाची नावे दिली; ती नावे मेक्सिकोच्या शाळांत आजही चालतात. "आपण जाऊ असे त्याने कळविले" यातले जाणे कळविण्याच्या नंतरचे आहे, म्हणून 'इरीआ', असा तो निखळ हिशेब. माद्रिदची अकादमी १९३१ च्या व्याकरणातही या रूपाला स्वतंत्र अर्थाचा दर्जा देत होती. २००९ च्या बृहद्व्याकरणात ते स्वार्थातच बसविलेले आहे. इतका काळ एका निर्वासित विद्वानाचा निवाडा दप्तरी पडून राहावा, हे संस्थांच्या रीतीला धरूनच झाले! आपल्या व्याकरणकारांनीही 'ताख्यात', 'लाख्यात', 'वाख्यात' अशी प्रत्ययावरून नावे पाडून रूप आणि काळ या दोन बाबी अलग ठेवल्या होत्या, हे शाळेत व्याकरणाला कंटाळलेल्यांनाही येथे उपयोगी पडेल.

बाकी गोष्टी किरकोळ आहेत. 'आब्ले' या रूपात आघात पहिल्या अक्षरावर दिला तर सुबखुंतीवो आणि शेवटच्या अक्षरावर दिला तर "मी बोललो", ही अडचण कान तयार झाला की मिटते. सुबखुंतीवोचा भविष्यकाळ बोलण्यातून केव्हाच बेदखल झाला असून म्हणींत आणि कायद्याच्या मसुद्यांत तेवढा टिकून आहे. स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेतील मनुष्यवधाच्या कलमात 'मातारे' हे त्याचे रूप आढळते. पोर्तुगीजमध्ये तोच काळ रोजच्या वापरात आहे, त्यामुळे गोव्यातील ज्या जुन्या मंडळींनी ती भाषा शिकली त्यांना या रूपाचे नवल वाटू नये.

इंग्रजीवाचून ज्याचे पान अडणार नाही असे स्पॅनिशचे व्याकरण मराठीत सिद्ध करणे हे आपल्या विद्यापीठांतील परकीय भाषांच्या विभागांचे काम आहे, आणि त्यांनी ते हाती घ्यावे. तूर्त स्पॅनिश शिकणाऱ्यांनी एवढे करावे: वहीतल्या स्पॅनिश वाक्यासमोरच्या रकान्यात इंग्रजी वाक्य लिहिण्याची वहिवाट सोडून तेथे मराठी वाक्य लिहावे, आणि जेथे मराठी कमी पडेल तेथे तसा शेरा मारून ठेवावा.