वेगाचे माप आणि नोकरदाराचा खिसा

वेग या शब्दाचे महत्त्व ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातील नोकरदाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जलद गाडी आणि धिमी गाडी यांतील फरकावर ज्याच्या दिवसाची घडी बसते वा विसकटते, त्याला वेगाची किंमत ठाऊक असतेच. त्याचबरोबर, ज्याला ठाकुर्लीस किंवा कोपरला उतरावयाचे आहे त्याला जलद गाडीचा काही उपयोग नाही, हे शहाणपणही त्याच्यापाशी असते. आश्चर्य असे की, घरी इंटरनेटची जोडणी घेताना हाच माणूस हे शहाणपण फलाटावर ठेवून येतो. विक्रेता शंभर म्हणतो, दोनशे म्हणतो, तीनशे म्हणतो. आणि पाहुण्यांसमोर चित्रपट मध्येच अडकला तर, मुलीचा वर्ग बंद पडला तर, या भीतीपोटी गृहस्थ मोठ्या आकड्यावर बोट ठेवतो. या आकड्याचा अर्थ काय, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.

चित्राला लागते किती?

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर इंटरनेटवरून चित्रपट पाहावयाचा तर किती वेग लागतो, याचे उत्तर गुपित नाही. नेटफ्लिक्सने स्वतःच ते दिले आहे. साध्या एचडी चित्राला सेकंदाला ३ मेगाबिट, पूर्ण एचडीला ५ आणि ‘फोर-के’ या अतिसुस्पष्ट चित्राला १५ मेगाबिट पुरतात. चित्रपट घरात येतो तो काही सेकंदांच्या तुकड्यांनी. उपलब्ध वेग पाहून यंत्र प्रत्येक तुकड्याची प्रत ठरवते आणि पुढचे थोडे तुकडे आधीच साठवून ठेवते. वेग उतरला की चित्र धूसर होते. साठा संपला की ते थांबते. मात्र सर्वोत्तम प्रत मिळू लागल्यावर वेग कितीही वाढवला तरी चित्र अधिक चांगले होत नाही. घागरीचे तोंड जेवढे, तेवढेच पाणी आत जाणार. नळ दुप्पट मोठा केला तर उरलेले मोरीत वाहून जाते.

आता डोंबिवलीतील चौघांचे घर घेऊ. दिवाणखान्यात पूर्ण एचडी चित्रपट चालू आहे, ५ मेगाबिट. मुलगा मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहतो, तेही ५ धरू. मुलगी वर्गाला बसली आहे आणि वडील कचेरीच्या दृक्‌श्राव्य बैठकीत आहेत, प्रत्येकी ४. बेरीज झाली १८. अडीअडचणीसाठी दुप्पट धरली तरी ३६ होतात. घरात फोर-के संच असेल तर ५०-६० च्या घरात जावे लागेल. याउलट दोघा वृद्धांच्या घरी, जिथे सायंकाळी एकच मालिका पाहिली जाते, तिथे शंभराच्या आकड्याला कोणते काम आहे?

समजा, एक योजना महिना ३९९ रुपयांची आणि दुसरी ६९९ रुपयांची आहे. जाहिरातीतील या रकमांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर चढतो, हे बिल हाती आल्यावर कळते. कर धरून फरक महिन्याला ३५४ आणि वर्षाला ४,२४८ रुपये होतो. कारकुनाच्या वा शिक्षकाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम नगण्य नव्हे. मुलांची वर्षाची वह्या-पुस्तके त्यात येऊ शकतात.

अर्थात मोठा वेग कोणालाच नको, असा याचा अर्थ नाही. घरी बसून अवजड फायलींची देवघेव करणाऱ्याला, किंवा एकाच छपराखाली तीन-तीन कचेऱ्या चालत असतील त्या कुटुंबाला तो हवाच. अशांनी घरात येणाऱ्या वेगाइतकाच घरातून बाहेर जाणारा वेगही विचारावा, कारण बैठकीत आपला चेहरा आणि आवाज पोहोचतो तो त्यावर. आक्षेप मोठ्या वेगाला नाही. गरज न मोजता तो विकला जातो आणि घेतलाही जातो, याला आहे.

मापातील खोच

दुसरी गोष्ट मापाची. विक्रेता वेग मेगाबिटमध्ये सांगतो. संगणक मात्र उतरवून घेतलेली फाइल मेगाबाइटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटांची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट आणते. यात फसवणूक नाही, पण माहीत नसलेल्याला ती वाटते. खरी खोच ‘पर्यंत’ या अव्ययात आहे. ‘शंभरपर्यंत’ म्हटले की चाळीसही त्यात बसतात आणि चारही.

सरकारी व्याख्येचा आधार घ्यावा तर तोही तोकडाच. २००४ च्या धोरणाने २५६ किलोबिटांच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. पूर्ण एचडी चित्राला ५ मेगाबिट लागत असताना २ मेगाबिटांची जोडणीही ‘ब्रॉडबँड’ हे नाव लावण्यास पात्र ठरते! वाण्याच्या तराजूवर आणि वजनांवर शिक्का असतो. तो पाहूनच आपण साखर घेतो. इंटरनेटच्या तराजूवर असा शिक्का ग्राहकाला दिसत नाही.

रात्री नऊची परीक्षा

पुष्कळदा दोष बाहेरून येणाऱ्या तारेत नसतोच. राउटर दाराच्या वर, माळ्यावर किंवा लोखंडी कपाटामागे बसवलेला असतो. दोन काँक्रीटच्या भिंती ओलांडून आतल्या खोलीत पोहोचेपर्यंत वाय-फायचा जीव अर्धा होतो. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा दूर जातो, पण दाटीच्या इमारतीत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहरींशी त्याची टक्कर होते. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे नमणारा. म्हणून महागडी योजना घेण्याआधी राउटर घराच्या मध्यावर, मोकळ्या जागी आणावा आणि शक्य असेल तर दूरचित्रवाणी संच सरळ तारेने जोडावा. यास फारसा खर्च येत नाही.

मग बाहेरची परीक्षा करावी. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सुमारे अडीच हजार मेगाबिटांचा एक धागा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण मागणी करत नाहीत, या भरवशावर हा व्यवहार चालतो आणि तो गैरही नाही. पण वाटपात ओढाताण झाली की ती दिसते रात्री नऊला, जेवणे आटोपून सारी इमारत पडद्यासमोर बसते तेव्हा. सकाळी अकराला विक्रेत्याच्या माणसाने मोबाइलवर दाखवलेला आकडा यासाठी निरुपयोगी आहे. नऊ ते अकरा या वेळेत, तीन-चार दिवस, तार जोडून वेग मोजावा. त्या वेळी नियमितपणे चाळीस देणारी जोडणी ही कधी दोनशे तर कधी तीन देणाऱ्या जोडणीपेक्षा शतपटीने चांगली.

प्रश्न एका घराचा नाही

येथवर शहाण्या ग्राहकाचे काम झाले. पण एकट्या ग्राहकाच्या शहाणपणाने सर्व काही सुटत नाही. या परिसरात दूरसंचाराची वाटणी आरंभापासून असमान आहे. ठाण्याला दूरध्वनीचा क्रमांक मुंबईचाच, ०२२. खाडीपलीकडचे डोंबिवली-कल्याण मात्र ०२५१. मुंबईला रोज जाणारी माणसे तीच, पण घरी परतली की ती दुसऱ्या मंडळात पडत. तंत्र बदलले, अंतर राहिले. ज्या इमारतीत दोन-तीन कंपन्यांच्या तारा पोहोचल्या आहेत तिथे ग्राहकाच्या शब्दाला वजन आहे. जिथे एकाच केबलवाल्याला जिना मोकळा आहे, तिथे वेगाची निवड हा शब्दच पोकळ ठरतो.

२४ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या तोंडावर, देशातील प्रमुख चित्रसेवांनी मोबाइल जाळ्यांवरील ताण कमी करण्यासाठी चित्राची प्रत ४८० ओळींपुरती उतरवण्याचे मान्य केले. तेव्हा कुणाचेच काही बिघडले नाही. लोक धूसर चित्र पाहून राहिले. पण त्याच काळात ज्या विद्यार्थ्याच्या घरी जोडणीच धड नव्हती, त्याचा वर्ग बुडाला तो बुडालाच. करमणुकीला थोडे कमी चालते, शिक्षणाला तुटलेली तार चालत नाही, हा त्या वर्षाचा धडा आहे.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना त्यांच्या अंकीय जोडणीवरून गुणांकन देण्याचे विनियम केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु गुणांकन ऐच्छिक असल्याने जुन्या सोसायट्यांनी स्वतःच हालचाल केली पाहिजे. सप्टेंबरअखेरपर्यंत भरणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी आणि वाहनतळ यांच्याबरोबर हा विषयही यावा. कोणा एकालाच जिन्यातून तार नेण्याचा मक्ता देऊ नये, किमान दोन सेवांना वाट द्यावी, आणि नियामकाने रात्री नऊचा किमान वेग बिलावर छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे, असा ठराव सोसायट्यांनी करून पाठवावा.

१८५३ मध्ये पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हापासून येथील माणूस तिकीट काढताना स्थानकाचे नाव सांगतो आणि भाडे विचारतो. इंटरनेटची जोडणी घेतानाही त्याने एवढेच करावे. आपल्याला किती हवे ते आधी सांगावे, आणि ज्याचे पैसे मोजले तेवढे मिळाले की नाही, हे रात्री नऊला स्वतः मोजून पाहावे.