मसावि कोणत्या भाषेत काढायचा?

‘गणिताला भाषा नसते.’ सीमाभागात मराठी माध्यमिक शाळेची मागणी पुढे आली की हे वाक्य हमखास ऐकू येते. कधी ते अधिकाऱ्याच्या तोंडून येते, तर कधी आपल्याच एखाद्या सुशिक्षित पालकाच्या. इतिहास, भूगोल मातृभाषेतून हवा हे एकवेळ समजू शकते, पण गणित सर्वत्र सारखेच, असा हा युक्तिवाद. तो वरवर बिनतोड वाटतो. आमच्या मते तो साफ चुकीचा आहे, आणि तो खोडून काढण्यास बीजगणितातील एक साधा धडा पुरेसा आहे. तो धडा म्हणजे पदांचा महत्तम साधारण विभाजक, अर्थात मसावि.

१२क्ष²य³ आणि १८क्ष³य ही दोन पदे घेऊ. १२ व १८ या सहगुणकांचा मसावि ६. क्ष दोन्ही पदांत आहे. त्याचा लहान घातांक २, म्हणून क्ष². य चा लहान घातांक १, म्हणून नुसता य. उत्तर ६क्ष²य. कृती एवढीच. पण चौकस विद्यार्थिनी येथे हटकून विचारते, ‘नाव महत्तम, मग घातांक लहान का घ्यायचा?’ या प्रश्नाचे उत्तर चिन्हे देत नाहीत, ते शब्दांनीच द्यावे लागते. विभाजक म्हणजे भाग देणारा. त्याने दोन्ही पदांना निःशेष भाग दिला पाहिजे. दुसऱ्या पदात य एकदाच आहे, तेथे य² ने भाग कसा जाणार? लसावि काढताना नेमके उलटे घडते. तेथे घातांक मोठे घ्यायचे आणि उत्तर ३६क्ष³य³ येते, कारण विभाज्य म्हणजे ज्याला भाग द्यायचा ते. विभाजक आणि विभाज्य यांत फरक एका प्रत्ययाचा, आणि सारा धडा त्या प्रत्ययावर उभा आहे. भागाकार शिकल्यापासून भाजक आणि भाज्य हे शब्द ज्या मुलाच्या कानावर आहेत, त्याला हा फरक आपसूक उमगतो. ज्याच्या कानावर ते नाहीत, तो ‘येथे लहान, तेथे मोठा’ एवढेच पाठ करतो आणि परीक्षेत दोहोंची अदलाबदल करतो.

प्रश्न येथेच संपत नाही. क्ष ची किंमत अर्धा असेल तर क्ष² ची किंमत पाव होते, म्हणजे क्ष पेक्षाही कमी. मग क्ष² ‘महत्तम’ कोणत्या अर्थाने? संख्यांच्या मसावित महत्तम म्हणजे आकाराने सर्वांत मोठा असे आपण म्हणतो. पदांच्या मसावित महत्तम म्हणजे असा सामाईक विभाजक, की ज्याला अन्य प्रत्येक सामाईक विभाजकाने भाग जातो. शब्द तोच राहिला आणि अर्थ विस्तारला. हा विस्तार ज्या भाषेत मूल विचार करते, त्याच भाषेत उलगडून सांगावा लागतो.

आता सीमाभागातील मुलाचे काय होते ते पाहा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याविषयी बोलते, पण प्राथमिक टप्प्यापुरतेच. संख्यांचा मसावि प्राथमिक शाळेत येतो. पदांचा मसावि त्यानंतर. म्हणजे जवळपास मराठी माध्यमिक शाळा नसेल, तर आमचे मूल १२ आणि १८ चा मसावि मराठीत काढते आणि १२क्ष²य³ व १८क्ष³य यांचा परभाषेत. दोन्ही धड्यांना जोडणारा धागा शब्दांचा होता. नेमका तोच तुटतो. मग ‘मुले बीजगणितात कच्ची’ असा शेरा मारला जातो.

गणिताला भाषा नसती, तर हैदराबादेत भाषांतराचा एवढा खटाटोप झालाच नसता. १९१७ मध्ये तेथे दार-उल-तर्जुमा उभे राहिले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ. बीजगणितापासून वैद्यकापर्यंतचे उच्च शिक्षण उर्दूतून देण्यासाठी परिभाषा घडवली गेली, ग्रंथ उतरवले गेले. मसाविला उर्दूत ‘आद-ए-आज़म’ म्हणतात. भारतीय भाषेला उच्च गणित पेलते, हे उस्मानियाने दाखवून दिले, आणि त्याचे श्रेय नाकारण्याचा कद्रूपणा आम्ही करणार नाही. पण ज्या संस्थानात जवळजवळ निम्मी प्रजा तेलुगू व सुमारे चौथाई मराठी बोलत होती, तेथे हा मान उर्दूलाच मिळाला. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने त्याच शहरात विवेकवर्धिनी शाळा वाढवली, ती या उपेक्षेला उत्तर म्हणून. पुढे १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियातील उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. १९५६ मध्ये संस्थानाची वाटणी झाली; मराठवाडा एकीकडे गेला, आणि भालकी, औरादची मराठी गावे दुसरीकडे.

आमचे भांडण शेजारच्या भाषांशी नाही. कन्नड मूल ‘महत्तम सामान्य अपवर्तन’ म्हणते, तेलुगू मूल ‘गरिष्ठ सामान्य भाजकम्’ म्हणते. त्यांच्या भाषांनी आपापले शब्द जपले, याचे आम्हाला कौतुकच आहे. जो हक्क त्यांना आपल्या राज्यात सहज मिळतो, तोच आमच्या मुलांना मिळावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मात्र सीमेपलीकडच्या बांधवांनाही दोन शब्द सुनावल्यावाचून राहवत नाही. तुमच्या राज्यात मराठी सत्तेवर आहे, पाठ्यपुस्तकांत मसावि, लसावि, सहगुणक, घातांक हे नेमके शब्द छापलेले आहेत, आणि तरीही मराठी शाळा ‘सेमी इंग्रजी’चा फलक लावून गणितच प्रथम इंग्रजीच्या स्वाधीन करतात. आम्ही ज्या वर्गासाठी अर्जविनंत्या करतो, तो तुम्ही स्वखुशीने रिकामा करत आहात. मग आमच्यासमोर बसलेला अधिकारी हसून म्हणतो, ‘तुमच्या महाराष्ट्रातच गणित मराठीत नको आहे.’ त्याला आम्ही काय उत्तर द्यावे?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सीमाभागातील मराठी मुलांना माध्यमिक टप्प्यातही गणित मराठीतून शिकता यावे. तोवर मराठी, कन्नड, तेलुगू व इंग्रजी संज्ञा शेजारीशेजारी मांडलेली गणिताची छोटी शब्दावली प्रत्येक मुलाच्या हाती पडावी. तिच्यासाठी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि महाराष्ट्रातील पालकांनी आज घरी मुलाला एकच प्रश्न विचारावा: महत्तम असूनही घातांक लहान का? त्याचे उत्तर त्याला आपल्या भाषेत देता आले नाही, तर शाळेत जाऊन जाब विचारावा.