सेवेकऱ्यांच्या घरीही चूल असते

सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या दर्शनास निपाणी, चिकोडी, बेळगाव, गडहिंग्लज या भागांतून माणसे जातात, तेव्हा त्यांना राज्याची सीमा आडवी येत नाही. देवीला मुली सोडण्याच्या रूढीलाही ती कधी आडवी आली नाही. या रूढीविरुद्ध कर्नाटकाने १९८२ चा आणि महाराष्ट्राने २००५ चा कायदा केला. परंतु कायदा स्वतःच्या पायांनी गावात जात नाही. त्याला तेथवर नेतो तो कार्यकर्ता.

बेळगाव जिल्ह्यातील घटप्रभा येथे १९९७ साली स्थापन झालेल्या 'मास' या संस्थेत हे काम पूर्वाश्रमीच्या देवदासींनीच अंगावर घेतले. वयाच्या सातव्या वर्षी देवीला वाहिल्या गेलेल्या सीतव्वा जोडट्टी यांना याच कार्यासाठी २०१८ साली 'पद्मश्री' मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या. परंतु अशा संस्थांतून राबणाऱ्या शेकडो अनाम कार्यकर्त्यांच्या पोटापाण्याचे काय, हा प्रश्न टाळ्यांच्या गजरात कोणी विचारीत नाही.

देणगीदाराला इमारत हवी असते, शिवणयंत्रे हवी असतात. त्यांवर नाव घालता येते. कार्यकर्तीच्या एस.टी.च्या तिकिटावर ते घालता येत नाही! प्रकल्पाची मुदत संपली की तिचा पगारही संपतो. ज्या मुलीवर तिने नजर ठेवायची, तिच्यावरील संकट मात्र मुदत पाहून टळत नाही. त्यातच परदेशी देणग्यांच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यास मनाई केली. सेवेच्या नावाने दुकाने थाटणारे आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. हिशेब चोख मागितलाच पाहिजे. परंतु मोठ्या संस्थेच्या आधाराने खेड्यात तग धरणाऱ्या छोट्या संस्थेची त्यात कोंडी होते, त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे?

'सेवा करता, मग पगार कशाला?' असे विचारणारे सज्जन आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. देवाच्या नावाने बाईला फुकट राबविण्याची रूढी मोडावयास जी उभी राहिली, तिलाच समाजाने सेवेच्या नावाने फुकट राबवावे काय? देणगीच्या पावतीवरील पहिली रक्कम कार्यकर्त्याच्या रास्त वेतनाची असावी. उपाशी पोटी केलेल्या त्यागाचे पोवाडे गाणे सोपे असते. तो त्याग मागण्याचा अधिकार मात्र भरल्या पोटाच्या माणसाला नाही.